दसऱ्याचे भूमिपूजन पुढे ढकला, आधी विहिरी मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि सर्व सभासद,
आपल्या गावचे मुंबईकर मंडळ,
कोपरखैरणे, नवी मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या मंडळाच्या सभेत गावाच्या शेतीसाठी पाणी योजना करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. गायरानात प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले मोठे सामुदायिक शेततळे खोदायचे, ते भरण्यासाठी तीन नवीन बोअर घ्यायचे, ओढा वरपासून खालपर्यंत रुंद आणि खोल करायचा आणि शेततळ्यातून पंपाने पाणी उचलून तिन्ही वाड्यांपर्यंत पाइपलाइन न्यायची, असे या योजनेचे स्वरूप सांगण्यात आले. दसऱ्याला भूमिपूजन आणि दुसऱ्याच दिवशी जेसीबी, असा मुहूर्तही ठरला. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला बोलायचे होते, परंतु वर्गणीचे आकडे वाचले जात असताना मध्येच उठून शंका काढणे बरे दिसले नसते, आणि खरे सांगायचे तर धीरही झाला नाही. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण वर्गणी सर्वांची आहे आणि गावाकडे राहणाऱ्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझे वडील माथाडी होते. कांदा-बटाटा बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला तेव्हा त्यांच्याबरोबर आमचे बिऱ्हाडही खाडी ओलांडून इकडे आले. मी स्वतः पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. योजनेला माझा विरोध नाही. माझ्या घरची वर्गणी मी पहिल्याच दिवशी भरली आहे. माझा आक्षेप कामांच्या क्रमाला आहे. आपण खोदाईपासून सुरुवात करीत आहोत, आणि पाणी किती आहे, ते कोणाला, कोणत्या पिकासाठी आणि किती मिळणार, हे प्रश्न शेवटी सोडवू असे म्हणत आहोत. दुष्काळी मुलखातल्या पाण्याच्या योजना बहुतेक वेळा याच ठिकाणी फसतात, आणि एकदा काँक्रीट ओतले की तो क्रम उलटा करता येत नाही.

आपला माण तालुका महादेव डोंगररांगांच्या आडोशाला, पर्जन्यछायेत आहे. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आपल्याकडे सरासरी पाचशेच्या आत-बाहेर. आपण आज राहतो त्या नवी मुंबईत तो अडीच-तीन हजारांच्या घरात जातो आणि वर मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे. त्यामुळे इथे नळ उघडण्याआधी कोणी आकाशाकडे बघत नाही. गावाकडे मात्र सरासरीपेक्षा त्या पाचशे मिलिमीटरचा स्वभाव समजून घेणे महत्त्वाचे असते. मे महिन्यात एखादा वळीव, जून-जुलैत नुसती भुरभुर, मग लांबलेला खंड, आणि वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर चार-सहा दिवसांत. ज्या वर्षी परतीचा पाऊस आला नाही ते वर्ष बुडाले. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत आपल्या तालुक्यातली जनावरे छावणीला बांधावी लागली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ज्यांना आठवत नाही त्यांनी घरच्या म्हाताऱ्यांना फोन करून विचारावे.

आता हिशोबाकडे वळतो. थोडे आकडे वाचण्याचा त्रास घ्यावा, अशी विनंती आहे, कारण या पत्राचा सारा भार त्यांच्यावर आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लीटर पाणी पडले. आपला शिवार सोयीसाठी १,००० हेक्टर धरू. नेमका आकडा तलाठ्याकडून घेता येईल. पाचशे मिलिमीटर पावसात या शिवारावर ५० लाख घनमीटर, म्हणजे ५०० कोटी लीटर पाणी पडते. हा आकडा सभेत सांगितला गेला आणि त्यावर टाळ्या पडल्या. परंतु यातले बहुतेक पाणी जमिनीत ओल म्हणून राहते आणि तिथूनच पिकांच्या, गवताच्या आणि उन्हाच्या वाटेने परत हवेत जाते. ते वाया जात नाही. आपली बाजरी, मटकी आणि ज्वारी त्याच ओलीवर येते. पण ते तळ्यात साठवायला किंवा पाइपात भरायला मिळत नाही. उतारावरून वाहून ओढ्याला येणारे पाणी आपल्यासारख्या मुलखात साधारण दहा टक्के धरावे, म्हणजे ५ लाख घनमीटर. आणि मुरून विहिरींना मिळणारे सात-आठ टक्के, म्हणजे साडेतीन ते चार लाख घनमीटर. ओढ्याचे सगळेच पाणी आपल्याला अडवता येत नाही आणि अडवूही नये, कारण एका रात्रीत येणाऱ्या पुराला कोणताच छोटा बांध पुरत नाही आणि खालच्या गावाचा पाझर तलावही त्याच ओढ्यावर भरतो. निम्मे अडवले तरी उत्तम म्हणायचे. अशा रीतीने बरे-वाईट करून सहा लाख घनमीटर पाणी गावाच्या हाती लागेल. त्यातून दोन हजार माणसांना दरडोई दररोज ५५ लीटर आणि हजारभर मोठ्या जनावरांना दररोज ५० लीटर असे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले, तर वर्षाला साठ हजारांच्या आसपास घनमीटर त्यात जातात. बाष्पीभवन आणि गळती वजा करता शेतीसाठी ५ लाख घनमीटर उरतात, असे चांगल्या पावसाच्या वर्षी म्हणता येईल.

या पाच लाखांचे काय करायचे, हाच खरा प्रश्न आहे. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. पावसाचा वाटा वजा जाता आणि पाटाने पाणी देताना होणारा अपव्यय धरता हेक्टरी २०,००० घनमीटर विहिरीतून किंवा तळ्यातून द्यावे लागतात, म्हणजे गावाचे सगळे पाणी २५ हेक्टर उसात संपले. ठिबक केले तर दहा-पंधरा हेक्टर वाढतील, त्यापेक्षा अधिक नाही. तेच पाणी कांद्याला दिले तर शंभर हेक्टर भिजतील. आणि रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याला नेमक्या वेळी प्रत्येकी ७५ मिलिमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या दिल्या, तर हेक्टरी दीड हजार घनमीटर लागून ३३० हेक्टर क्षेत्र वाचते. पाणी तेवढेच राहते. एका वाटेने ते दहा-बारा घरांचे कल्याण करते आणि दुसऱ्या वाटेने जवळजवळ प्रत्येक घराच्या एखाद्या तुकड्यापर्यंत पोहोचते. यापैकी कोणती वाट घ्यायची, हे जेसीबीचा चालक ठरवू शकत नाही आणि अभियंताही ठरवू शकत नाही. ते गावाने ठरवायचे असते, आणि पाइपलाइन टाकण्याआधी ठरवायचे असते, कारण पाइपाचा व्यास, पंपाची शक्ती आणि तळ्याचे माप हे सगळे त्या एका निर्णयावर अवलंबून असते.

हे सर्व चांगल्या वर्षाचे झाले. वाईट वर्षाचा हिशोब याहून कठोर आहे आणि तो नीट समजावून सांगितला नाही, तर मी सांगितलेले बाकीचे आकडेही फसवे ठरतील. पाऊस निम्म्यावर आला म्हणजे ओढ्याचे पाणीही निम्मे होईल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. सुरुवातीचा पाऊस तापलेली, भेगाळलेली जमीन पिऊन टाकते. ती तृप्त झाल्यावरच पाणी वाहू लागते. म्हणून अडीचशे मिलिमीटरच्या वर्षी ओढ्याला पाचव्या हिश्श्याचेही पाणी येईल याची खात्री नसते, आणि कधी कधी ओढा वाहतच नाही. सरकारी प्रकल्पांची आखणी सरासरीवर न करता विश्वासार्हतेवर करण्याचा जो संकेत आहे, मोठ्या प्रकल्पांना ७५ टक्के, म्हणजे चारपैकी तीन वर्षे मिळेल तेवढेच पाणी धरायचे, तो याच अनुभवातून आलेला आहे.

इथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत दुसऱ्या एका दुष्काळी तालुक्यात एका लहान तलावाच्या सर्वेक्षणावर मी काम केले होते. पर्जन्यमापक केंद्र लांब, घाटाच्या बाजूला होते. तिथला पाऊस जास्त होता. वरिष्ठ घाईत होते, गावकरी त्याहून घाईत होते आणि मी नवखा होतो. तिथली सरासरी घेऊन आम्ही येवा, म्हणजे तलावात येणारे पाणी, काढला. तलाव झाला, उद्घाटन झाले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे मी त्या रस्त्याने जाताना सांडव्याकडे बघत असे. त्याच्या दगडांवर पाण्याची रेघ कधी दिसली नाही. तिथल्या लोकांनी तलावाच्या भरवशावर द्राक्षबागा लावल्या होत्या. त्या बागांचे पुढे काय झाले ते मी लिहीत नाही. मात्र आपल्या सभेत सरासरी पावसाचा आकडा ऐकल्यापासून तो कोरडा सांडवा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

शेततळ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण योजनेतला सर्वांत मोठा खर्च त्यावर आहे. तीस बाय तीस मीटर तोंडाच्या आणि तीन मीटर खोलीच्या तळ्यात, बाजूंचे उतार धरता, सुमारे २२ लाख लीटर, म्हणजे २,२०० घनमीटर पाणी मावते. आपले तळे याच्या कितीतरी पट मोठे असेल, पण प्रमाण तेच राहील. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जाते. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पाऊण ते एक मीटर उंचीचे पाणी नाहीसे होते, म्हणजे या मापाच्या तळ्यातले जवळजवळ एक तृतीयांश. हे पाणी पावसाळ्यात ओढ्यातून येऊन पडले असते तर ती तूट सोसली असती. परंतु आपण ते तीन बोअरमधून उपसून भरणार आहोत. जमिनीच्या पोटात, खडकाच्या भेगांत, उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी वीज जाळून वर काढायचे, ५०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिकवर पसरायचे आणि त्याचा तिसरा हिस्सा सूर्याला द्यायचा, याला मी पाणी साठवणे म्हणू शकत नाही. ते एका विहिरीचे पाणी दुसऱ्याच्या नावावर करणे आहे. ज्याचा बोअर खोल त्याचे तळे भरते, आणि शेजारच्या चाळीस फुटी विहिरीत जानेवारीतच गाळ दिसू लागतो. वैयक्तिक शेततळ्यांच्या बाबतीत हे राज्यभर घडले आहे. सामुदायिक म्हटल्याने खडकाचा स्वभाव बदलत नाही.

खडकाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. महाराष्ट्राची चार पंचमांशाहून अधिक भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे आणि आपला शिवार संपूर्ण त्यावरच आहे. नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात जमीन स्पंजासारखी असते. आपल्याकडे वरचा मुरूम, त्याखाली मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक आणि मग घट्ट पाषाण, असा प्रकार असतो. त्यात पाणी धरण्याची जागा दोन-तीन टक्क्यांपुरतीच. एक हेक्टरखाली पाण्याची पातळी एक मीटरने वाढली तर प्रत्यक्षात दोनशे-तीनशे घनमीटर पाणीच जमा झालेले असते. विहिरीत मात्र ते एक मीटरने वर आलेले दिसते आणि माणूस हुरळून जातो. उपशाच्या वेळी हाच हिशोब उलटा फिरतो. थोडेसे पाणी काढले की पातळी झपाट्याने उतरते. दोनशे-तीनशे फुटांखाली बोअरला लागणारे पाणी अनेकदा जुन्या काळापासून साठलेले असते, ते एका पावसाळ्यात भरून येत नाही. पाणाड्याने नारळ उभा करून दाखवलेल्या जागेला माझा आक्षेप नाही, त्याच्या पोटावर पाय देण्याची माझी इच्छा नाही. पण त्या नारळाला पाणी लागेल एवढेच कळते, ते किती वर्षे पुरेल हे कळत नाही. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्याचे बंधन आहे, आणि आपण दाखवलेल्या तीन जागांपैकी एक नळपाणी योजनेच्या विहिरीच्या फारच जवळ आहे.

ओढा खोलीकरणाबद्दल एवढेच म्हणेन की, गाळ काढणे आणि ओढा खोदणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळ जरूर काढावा. पण मुरमाचा थर फोडून खाली गेलो की दोन्ही काठांच्या विहिरींचे पाणी ओढ्यात पाझरते. ओढा डबडबलेला दिसतो, मोबाइलवर फोटो फिरतात आणि विहिरीवाले शेतकरी मार्चमध्ये आपल्याला फोन करतात. शासनाच्या नियमांतही या खोलीला मर्यादा घातलेली आहे, ती उगाच नाही.

मग करायचे काय? कामाची सुरुवात माथ्यावरून व्हावी. डोंगरउतारावर सलग समतल चर, घळींत अनगड दगडी बांध, त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती, मग माती नालाबांध आणि सर्वांत शेवटी ओढ्यावरचा सिमेंट बंधारा, हा ‘माथा ते पायथा’ क्रम आपल्या तालुक्याला नवा नाही. २०१८ च्या गावोगावच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिली आलेली टाकेवाडी आपल्याच माण तालुक्यातली आहे. तिथे लोकांनी आधी डोंगरावर कुदळी चालवल्या. वरचा काही भाग वनखात्याचा असल्यामुळे परवानगी लागेल आणि त्यात महिने जातील, म्हणून तो अर्ज आजच करावा. चराईबंदीचा प्रश्नही येईल. मेंढपाळ कुटुंबांशी बोलल्याशिवाय तो ठराव करू नये, नाहीतर पहिल्याच वर्षी चरांतून मेंढरे जातील आणि दोष त्यांच्यावर येईल.

गावात १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून आणि माती वाहून बांधलेला पाझर तलाव आहे. तो निम्म्याहून अधिक गाळाने भरला आहे. नवीन जागा नको, नवीन परवान्यांचे जंजाळ नको, खालच्या गावाची नवी तक्रार नको, आणि निघालेला गाळ हलक्या माळरानावर टाकायला शेतकरी स्वतःचे ट्रॅक्टर घेऊन येतील. इतका स्वस्त साठा आपल्याला दुसरीकडे मिळणार नाही. मूळ तळाच्या खाली जाऊ नये आणि बांधाच्या पायथ्यापासून सुरक्षित अंतर सोडावे, एवढे पथ्य पाळले की झाले. माझ्या मते वर्गणीतला पहिला रुपया इथे खर्च व्हावा. सभेत या तलावाचे नावही कोणी घेतले नाही, याचे मला वाईट वाटले. माझ्या आजीने त्या कामावर पाट्या टाकल्या होत्या.

काही सभासदांचे म्हणणे असे की, जिहे-कठापूर योजनेचे कृष्णेचे पाणी आपल्या तालुक्यातल्या आंधळी धरणापर्यंत येते आहे, तर आपण कशाला एवढा खटाटोप करायचा. त्यांना माझे उत्तर असे की, आपला बराचसा शिवार कालव्याच्या पातळीपेक्षा उंच आहे आणि उंचावर पाणी नेणे फुकट नसते. एक लाख घनमीटर पाणी पन्नास मीटर उचलायला, पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर, सुमारे तेवीस हजार युनिट वीज लागते. राज्यातल्या मोठ्या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन उचलते आणि १९ टक्के शेतकऱ्यांकडून घेते, असे सूत्र ठरलेले आहे. आपल्या खासगी पाइपलाइनला असा आधार मिळेल असे गृहीत धरू नये. हाच हिशोब आपल्या शेततळ्यावरून वाड्यांना पाणी चढवण्यालाही लागू आहे. पहिल्या वर्षी मंडळ बिल भरेल, दुसऱ्या वर्षी कुरकुर होईल, तिसऱ्या वर्षी मीटर कापला जाईल. म्हणून जिथे उताराने पाणी जाते तिथेच ते न्यावे, आणि जिथे उचलावे लागते तिथे बिल कोण, कोणत्या प्रमाणात भरणार, हे आधीच कागदावर आणावे.

आता वाटपाचा मुद्दा, ज्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे होते आणि ज्यामुळे मी सर्वांत जास्त गप्प बसलो. सभेत पाइपलाइनचा जो नकाशा दाखवला त्यातली तोंडे कोणकोणाच्या शेतात उघडतात, हे मी वहीत टिपून घेतले. मोठी वर्गणी देणाऱ्यांच्या शेतात ती उघडतात, असे मी म्हणत नाही. नकाशाच तसे म्हणतो. आपण इथे सोसायटीत राहतो, मेन्टेनन्स भरला की नळाला पाणी येते, म्हणून गावाकडेही वर्गणी भरली की पाणी आले पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ओढ्याचे पाणी सगळ्या शिवारावर पडलेले असते. ज्याच्या माळावरून ते वाहून आले त्या भूमिहीनाच्या किंवा विधवेच्या नावावर त्यातला काहीच हिस्सा नसावा, हे मला पटत नाही.

यावर महाराष्ट्रात विचार झालेला आहे आणि तो प्रत्यक्षात उतरलेलाही आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम मोजके होते. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणसांच्या संख्येने द्यायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनांनाही हक्क. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उचलायचा. याहून जुने उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरच्या फडांचे, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या गटांचे आहे, जिथे एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी कोणाच्या शेतात किती वेळ जाईल ते पाटकरी, म्हणजे पाणी सोडायला नेमलेला माणूस, ठरवणार, शेतकरी नव्हे. हिवरे बाजारने तर बोअरच्या पाण्यावर शेती करायला आणि ऊस-केळीला बंदी घातली, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचे ते ठरवण्याची प्रथा पाडली. तिथला पाऊस आपल्याहून जास्त नाही. या गावांची आपण बसगाड्या भरून सहल करून आलो, फोटो काढले, आणि येताना त्यांचे बंधारे लक्षात ठेवले; त्यांचे ठराव विसरलो.

कुटुंबाला अडीच एकर हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा चालेल, असा माझा आग्रह नाही. आपल्या गावात निम्मी कुटुंबे वर्षातले दहा महिने घणसोली, कोपरखैरणे आणि ऐरोलीत असतात. त्यांची माणसे मोजायची की नाही, यावरच पहिल्या बैठकीत भांडण होईल. माझे वैयक्तिक मत असे आहे की, जो गावात राहून शेत कसतो त्याचा हक्क आधी, मग तो मालक असो किंवा वाटेकरी. आणि आम्ही मुंबईकरांनी दिलेली वर्गणी ही देणगी समजावी, पाण्याचे शेअर समजू नयेत. हे मत अप्रिय आहे याची मला कल्पना आहे. माझी स्वतःची चार एकर जमीन या नियमाने मागे पडते, हेही नमूद करतो.

याच कारणाने हा ठराव कोपरखैरण्याच्या सभागृहात पूर्ण होऊ शकत नाही. गायरानाचा वापर करायचा तर ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ही झाली कायद्याची बाजू. त्याहून मोठी गोष्ट अशी की, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात तळ लागतो हे ज्यांना तोंडपाठ आहे त्या बायका आपल्या सभेत नव्हत्या. रविवारी व्यासपीठावर आणि समोर मिळून एकही महिला नव्हती, मी मोजले.

माझी मागणी एवढीच आहे की, दसऱ्याचे भूमिपूजन गुढीपाडव्यापर्यंत पुढे ढकलावे. मधल्या सहा महिन्यांत एकही दिवस वाया जाणार नाही. परतीचा पाऊस संपला की, कोजागिरीच्या सुमारास, गावातल्या प्रत्येक विहिरीची पाणीपातळी मोजावी. नंतर जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेअखेर पुन्हा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी याच बेताने मोजते, म्हणजे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील. शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक बसवावे. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत पाण्याचा पहिला ताळेबंद भिंतीवर रंगवावा, आणि त्याच सभेत पिकांचा, बोअरचा आणि वाटपाचा ठराव व्हावा. तलावातला गाळ काढण्याचे आणि माथ्यावरच्या चरांचे काम सुगी आटोपल्यावर, शेते मोकळी झाली की सुरू करता येईल. शेततळे, बंधारा आणि पाइपलाइन यांची मापे मार्चच्या मोजणीनंतर काढावीत. बंधाऱ्याच्या जागी चाचणी खड्डे घेऊन पाया पाषाणापर्यंत जातो की नाही ते पाहावे, नाहीतर पाणी बांधाला वळसा न घालता त्याच्या खालूनच निघून जाते. आणि वर्गणीतली पाचवा हिस्सा रक्कम दुरुस्ती, गाळ आणि पाटकऱ्याच्या मानधनासाठी वेगळी ठेवून तिला बांधकामासाठी हात लावू नये.

देणगीदार नाराज होतील, मुहूर्त चुकला तर लोकांचा उत्साह ओसरेल, अशी भीती अध्यक्षसाहेबांनी रविवारी चहाच्या वेळी माझ्याजवळ खासगीत व्यक्त केली. ती खरी आहे. आपल्या मंडळाने मंदिराचा जीर्णोद्धार केला तेव्हा पैसे जमल्यापासून कळस चढेपर्यंत चार वर्षे लागली होती, आणि त्या चार वर्षांत एकाही सभासदाने वर्गणी परत मागितली नाही, एवढेच त्यांना आठवण करून देतो.

विहिरी मोजण्यासाठी मी स्वतः कोजागिरीच्या आदल्या रात्री गाडीने गावाला निघत आहे. मोजपट्टी, वजन बांधलेली दोरी आणि नोंदीची वही माझ्याकडे आहे. माझ्या गुडघ्यांना आता सगळ्या विहिरींची कठडी चढवत नाहीत, तेव्हा मंडळाने दोन तरुण सभासद तीन दिवसांसाठी माझ्याबरोबर द्यावेत. त्यांची नावे शनिवारपर्यंत कळवावीत, म्हणजे तिकिटे काढता येतील.

आपला,
गावचाच एक सभासद, निवृत्त शाखा अभियंता
कोपरखैरणे, नवी मुंबई